इथल्यापुरतं खातं

तळहातावर ती पुडी — बोटभर लांब, कागदी, आत ओल शोषणारे, साबुदाण्याहून बारीक दाणे आणि वर चार भाषांत एकच दटावणी, की हे खाऊ नका... नंदाने ती कानाशी नेऊन हलवली. आतून खुळखुळ आवाज आला आणि तिला शाळेच्या प्रयोगशाळेतलं लाकडी कपाट आठवलं. तिथे सूक्ष्मदर्शकांच्या खोक्यांत असल्याच पुड्या असायच्या, आणि दर वर्षी नववीतलं कुणी ना कुणी विचारायचंच — मॅडम, हे खाल्लं तर काय होईल? बाकीच्या शिक्षिका अशा प्रश्नावर डोळे वटारायच्या. नंदा म्हणायची, तूच सांग बघू काय होईल. मग वर्ग पोटदुखीपासून मरणापर्यंतच्या सगळ्या शक्यता मांडायचा आणि तास कधी संपला ते कळायचं नाही. विचारणारं पोर काही पुडी फोडून तोंडात टाकणार नसतं, एवढी साधी गोष्ट तिला शिकवायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी कळली होती. तिच्या स्वतःच्या घरातल्या जाणत्या माणसांना ती अजून कळायची होती.

पुडी बाजूला ठेवून तिने लॅपटॉप खोक्यातून काढला. राखाडी, थंड, बोटांचे ठसे लगेच उमटतील असा. जबलपूरच्या जयंती कॉम्प्लेक्समधल्या दुकानदाराने काल फार आग्रह केला होता. ‘मैडम, मेल आईडी बता दीजिए, हम पूरा सेट करके दे देते हैं, घर जाके सीधा चालू.’ तिने खोकं न फोडता मागितलं तेव्हा त्याने तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं होतं. रिक्षात खोकं मांडीवर घेऊन मदन महलला घरापर्यंत येताना तिला आपण काहीतरी पळवून आणतो आहोत असं वाटत होतं, आणि त्यात मजाही वाटत होती, हे कबूल करायला हवं.

पलीकडच्या खोलीत तिचा नवरा श्रीपाद जेवून आडवा झाला होता. छातीवर फोन, फोनमधून गुलाबाच्या कलमांविषयी बोलणारा कुणी एक माणूस... श्रीपादला झोपताना कुणीतरी बोलत असलेलं लागतं, काय बोलतं आहे याच्याशी त्याला घेणं-देणं नसतं. नंदा उठली, कपाटावरच्या राउटरपाशी गेली आणि भिंतीतलं बटण तिने बंद केलं. गुलाबवाला वाक्याच्या मधेच गप्प झाला.

‘नेट गेलं काय गं?’ आतून आवाज आला, अर्धा झोपेतला.

‘गेलं असेल,’ ती म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. नेट खरंच गेलं होतं. कुणी घालवलं ते त्याने विचारलं नव्हतं आणि न विचारलेल्याचं उत्तर देण्याची सवय तिला नव्हती... पूर्वी होती, हल्ली नव्हती. ती पुन्हा येऊन बसली. पडद्यावर अक्षरं उमटली, मिटली, पुन्हा उमटली. देश कोणता, भाषा कोणती, कळफलक कुठला — ही चौकशी तिने खुशीने पार पाडली, आगगाडीत समोर बसलेल्या माणसाने करावी तशीच ती होती. मग मात्र पडदा अडला. नेट जोडा, म्हणाला. खाली ‘पुढे’ असं लिहिलेलं बटण होतं पण ते फिकट, मेलेलं. मागे जायला वाट होती, पुढे नव्हती.

तिने गीतांजलीला फोन लावला. गीतांजली तिच्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. आता निवृत्त होऊन महाराजपुरला राहते, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर आधी हसते, मग बोलते.

‘नेट लाव म्हणून राहिलं ते,’ नंदा हळू आवाजात म्हणाली. ‘पुढे सरकूच देत नाही.’

‘देणारच नाही. त्याला तुला कंपनीच्या दरबारात हजर करायचं आहे ना.’ मग हसणं. ‘आवाज काहून इतका बारीक काढून राहिली?’

‘हे झोपले आहेत.’

‘अच्छा. म्हणजे चोरून चाललं आहे.’

‘चोरून काय त्यात? लॅपटॉप माझा आहे.’

‘चलो ठीक आहे. शिफ्ट आणि एफ दहा, दोन्ही एकदम दाब.’

तिने दाबलं आणि पडद्यावर एक काळी खिडकी उघडली, आत एक पांढरी रेघ लुकलुकत होती. गीतांजली एकेक अक्षर सांगत गेली, मधेच ‘आता उलटी तिरपी रेघ’ म्हणाली आणि ती कळ शोधण्यात दोघींचा बराच वेळ गेला. मग एंटर. लॅपटॉप एकदम विझला. बिघडवला वाटतं, आता दुकानात जाऊन सांगायचं काय — पण गीतांजली ‘थांब, थांब’ म्हणत राहिली, आणि तो पुन्हा उजळला, पुन्हा देश विचारला, भाषा विचारली, जणू मघाची ओळख झालीच नव्हती. या खेपेला मात्र कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत, एक नवी ओळ होती. माझ्याकडे इंटरनेट नाही.

‘दाब त्याच्यावर,’ गीतांजली म्हणाली. ‘आता ते तुला समजवायला बसेल. ऐकू नको. लोकल खातं पाहिजे म्हण. लोकल म्हणजे इथल्यापुरतं. या डब्यातलं या डब्यात. नंतर नेट लावलं तरी चालतं, फक्त ते तुमचं घरचं खातं त्याच्यात कुठंच घालू नको. घातलं की गेलं सगळं पंचायतीत.’

फोन ठेवल्यावर ते खरोखर समजवायला बसलं. आमच्यात आलात तर तुमचे फोटो सगळीकडे दिसतील, तुमच्या फायली कधी हरवणार नाहीत, तुमची माणसं तुमच्याशी जोडलेली राहतील... तिला हसू आलं. हुबेहूब बेबीताई. तेच गोड बोलणं, तीच काळजी आणि ‘नाही’ म्हणायचं बटण तसंच कोपऱ्यात, तसंच बारीक.

बेबीताई म्हणजे श्रीपादची थोरली बहीण, नागपूरला असते. आणि पुराणिकांचं घरचं खातं म्हणजे... ते कसं सुरू झालं? मुलाच्या, वेदांगच्या, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी मेल आयडी पाहिजे होता, म्हणून मदन महल स्टेशनसमोरच्या सायबर कॅफेत बापलेक जाऊन तो काढून आले, एवढंच. पुढे वेदांग बंगळुरूला गेला, घरात स्मार्टफोन आले, प्रत्येक फोनने आयडी विचारला आणि श्रीपादने प्रत्येक वेळी तोच घातला. स्वतःच्या फोनला तोच, नंदाच्या फोनला तोच, आणि बेबीताई दिवाळीला आली तेव्हा तिच्या फोनलाही प्रेमाने तोच. पासवर्ड सगळ्यांना तोंडपाठ. त्यामुळे असं व्हायचं की वेदांगच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंत मधेच बेबीताईच्या गुडघ्याचा एक्स-रे यायचा, आणि नंदाने संध्याकाळी मटकी भिजवायची आठवण लावली की बंगळुरूला भर मीटिंगमध्ये वेदांगचा फोन वाजायचा. हसायचे सगळे. तीही हसायची.

श्रीपादला त्यात चूक काही दिसत नव्हती, उलट अभिमान होता. त्याचं सगळं आयुष्य वीज मंडळात गेलं. एका छपराखाली दुसरं मीटर मागायला माणूस आला की मी अर्ज न वाचताच ओळखायचो, तो सांगायचा, की या घरात चूल वेगळी झाली. भाऊ-भाऊ शेजारी उभे असायचे पण एकमेकांकडे बघायचे नाहीत. आधी मीटर, मग भिंत. म्हणून आपलं एक घर, एक मीटर, एक खातं... आणि असं म्हणताना तो इतका प्रेमाने बोलायचा की त्याला काही सांगणं म्हणजे भिंतच घालणं.

हे यंत्र कोण वापरणार आहे?

पडद्याने विचारलं होतं. रिकामी चौकट, आत लुकलुकणारी रेघ. नंदाने बोटं कळांवर ठेवली आणि तशीच ठेवून बसली. आई, वहिनी, पुराणिक मॅडम... चौकटीत मावण्यासारखी नावं बरीच होती. छोटं ठेव, गीतांजलीने बजावलं होतं, नंतर बदलणं डोकेदुखी असते. तिने नुसतं ‘नंदा’ लिहिलं. आडनाव नाही, मागे बाई नाही, पुढे सौ. नाही. असं नुसतं नाव शेवटचं कधी लिहिलं होतं, वहीच्या पुठ्ठ्यावर की काय... आठवेना. ते जरा उघडं वाटलं, स्वेटर न घालता गच्चीत गेल्यासारखं, पण तिने खोडलं नाही.

मग पासवर्ड. इथे मात्र ती सावध झाली, कारण याच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

गेल्या हिवाळ्यातली दुपार. ती गॅलरीत मटार सोलत बसली होती. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक नवी भाडेकरू आली होती, नंदाच्याच वयाची असेल, एकटी. तिचा दिवा भलत्या वेळी लागायचा, भलत्या वेळी विझायचा. त्या दुपारी ती बाई गॅलरीत आली, हातात कढई — कढईतूनच पोहे खात होती, उभ्याउभ्या, तीन वाजता. खाता खाता ती स्वतःशीच कशाला तरी हसली, आणि आत गेली. कुणाला हाक न मारता, काही न सांगता. बस, एवढंच. नंदाच्या मांडीवर मटार तसेच राहिले. तिने फोन घेतला आणि लिहिलं — साठीनंतर एकटं राहणं कसं असतं.

उत्तरं आली ती तिने धड वाचलीही नाहीत, कुकरची शिट्टी झाली. पण त्याच संध्याकाळी श्रीपादला साठीनंतर रक्तातली साखर किती असावी ते पाहायचं होतं. त्याने त्याच्या फोनवर ‘साठीनंतर’ लिहिलं मात्र, पुढचं वाक्य फोनने आपणहून पुरं केलं. साखरेचं नव्हे, तिचं.

तो तिला काही बोलला नाही. वेदांगला बोलला. रात्री वेदांगचा फोन. ‘आई, सब ठीक है ना? म्हणजे... बाबांशी काही झालं का?’

‘काही नाही रे. सहज पाहिलं.’

‘सहज असं कोण सर्च करतं, आई?’

दुसऱ्या दिवशी बेबीताई. ‘नंदा, तुला काय कमी आहे गं आमच्याकडे? श्रीपाद पिऊन राहिला नाही, कुणावर आवाज चढवून राहिला नाही. मग काहून असं मनात आणून राहिली?’

बेडूक हिवाळाभर चिखलात श्वास कसा घेतो हेही तिने एकदा शोधलं होतं. तेव्हा कुणाला वाटलं नाही, की नंदा आता थंडीत जाऊन चिखलात बसणार. देवमासे झोपतात कसे, हस्तिदंताला रंग का चढतो, आंधळ्या माणसाला स्वप्न कसं पडतं... हे सगळं चाललं. आणि एक प्रश्न असा निघाला की सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. सहज, सहज म्हणून तिचा घसा कोरडा पडला. सहजवर कुणाचाच विश्वास नव्हता. साठीतल्या बाईला नुसतं कुतूहल असू शकतं, हे कुणाच्या डोक्यात शिरेना.

श्रीपाद दुपारचा चहा स्वतः करायला लागला. न मागता. आणि एका रविवारी तिला भेडाघाटला घेऊन गेला. नावेत बसवलं, संगमरवराचे कडे दाखवले, नावाड्याला सांगून नाव जरा हळू चालवायला लावली. चाळीस वर्षं जबलपुरात राहून ती भेडाघाटला गेली होती ती नेहमी पाहुण्यांबरोबर, त्यांना दाखवायला. त्या दिवशी मात्र दाखवलं जात होतं ते तिलाच. नावेत तिला रडू आलं, आणि श्रीपादने त्याचाही भलताच अर्थ काढला.

मग तिने विचारणंच बंद केलं. म्हणजे फोनला. वर्षभर तिने फक्त दिसलं तर चालेल असंच शोधलं — अळूवड्या, गुडघेदुखी, नागपूर पॅसेंजर. एकदा तर तिने मुद्दाम, अगदी ठरवून, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याला काय भेट द्यावी असं लिहून ठेवलं. तो आठवडाभर गुणगुणत फिरला. मग तिला स्वेटर आणावा लागला. छान आहे स्वेटर, शोभतो त्याला, पण तो अंगात घालून श्रीपाद समोर आला की तिला स्वतःचीच लाज वाटते, आणि त्याची दया येते, आणि मग रागही येतो, कुणाचा ते कळत नाही.

तिला हवं होतं ते एवढंच, की एखादा प्रश्न विचारावा आणि तो निर्णय समजला जाऊ नये. त्यासाठी लॅपटॉप घ्यावा लागला. असो.

पासवर्ड तिने घातला. घर क्रमांक नाही, कुणाचं जन्मसाल नाही. वाटलं संपलं. पण पडद्याने आता तीन प्रश्न निवडायला सांगितले — पासवर्ड विसरलात तर ओळख पटवण्यासाठी. तुमचा जन्म कोणत्या गावचा? तुमचं लहानपणीचं लाडाचं नाव काय? तुमचा पहिला पाळीव प्राणी? तुमचे आईवडील कोणत्या गावी भेटले?

नंदा पडद्याकडे बघतच राहिली. यातलं श्रीपादला काय माहीत नव्हतं? जन्म सिहोऱ्याचा हे बेबीताईही सांगेल. लाडाचं नाव ठमी, तो लाडात आला की अजून तेच म्हणतो. म्हणजे खरी उत्तरं दिली तर कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवल्यासारखं झालं. आत शिरता येणार नाही असं काही तिच्या खऱ्या आयुष्यात नव्हतंच.

मग खोटं लिहायचं.

हा विचार आला आणि तिला गुदगुल्या झाल्या. पहिला पाळीव प्राणी: मुंगूस. सिहोऱ्याच्या घरात साधं मांजरही नव्हतं, पण आता होतं मुंगूस, करड्या रंगाचं, दप्तरात झोपणारं. आईवडील कोणत्या गावी भेटले... भेटले? आई सिहोऱ्याच्या मांडवात उभी होती, मामा पाठीशी, अंतरपाट खाली आला आणि समोर जो होता तो बाप. याला भेटणं म्हणतात का? भेटणं म्हणजे नाही म्हणायची सोय आली. तिने लिहिलं, भोपाळ. आणि लगेच तिला दिसलं — तलावाचा काठ, वारा, आई सतरा वर्षांची, दोन वेण्या, हातात फुटाण्यांचा पुडा, आणि कुणी एक किडकिडीत मुलगा वेळ विचारतो आहे. आई त्याच्याकडे बघते. सांगू की नको? आई विचार करते आहे, सावकाश, तिला कुणी घाई केलेली नाही... नंदाचे डोळे भरून आले. आई जाऊन किती वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी तिला विचार करायला वेळ दिला.

तिसऱ्या प्रश्नाला तिने काय लिहिलं ते इथेही सांगायचं नाही, असं ठरलं आहे.

आणि मग पडदा उघडला. निळसर चित्र, खाली चार-दोन खुणा, वरच्या कोपऱ्यात केराची टोपली, तीही रिकामी. फोटो नाहीत, एक्स-रे नाही, कुणाची आठवण वाजत नाही. नंदाने खुर्ची पुढे ओढली. वर्षभर साठवलेलं आता एकेक करून काढायचं. राउटर नंतर लावू, आधी नुसतं लिहून ठेवू, म्हणून तिने कोरं पान उघडलं. गोगलगाईचा डोळा तुटला तर परत येतो का... हे नाही. झोपलेल्या माणसाला कुणी आपल्याकडे टक लावून पाहतं आहे हे कळतं का... हे पण नाही. दुसरं काहीतरी होतं, खूप होतं, कामं करताना किती वेळा वाटायचं, हे विचारायचं, हे पण. आता एकही जागेवर नाही. पाहणारं कुणी नसलं की प्रश्नसुद्धा येत नाहीत की काय?

एकच उरला होता. तो जात नव्हता. आणि तो आता वेगळ्याच बाजूने उभा होता.

मी सहज विचारलं होतं... विचारलं होतं ना?

वेदांगला सांगताना सहज होतं. बेबीताईला सांगताना तर शंभर टक्के सहज. नावेत श्रीपादला सांगताना शपथेवर सहज. पण इथे कुणाला सांगायचं होतं? कोऱ्या पानाला ना वेदांगची काळजी होती ना बेबीताईचा आवाज. ती बाई कढईतून खात होती तेव्हा मला काय झालं होतं? हसू आलं होतं का? हेवा वाटला होता? की भीती... की हे सगळं नंतरचं, आणि त्या क्षणी फक्त भूक लागली होती, तीन वाजता, जेवणखाण आवरून झाल्यावर, कुणाला न विचारता काहीतरी खाण्याची भूक? तिने लिहिलं — सहज नव्हतं. थोडा वेळ पाहिलं. त्यापुढे लिहिलं — पण तसंही नव्हतं. आणि आश्चर्य म्हणजे तिला वाईट वाटेना. उलट नववीच्या वर्गात एखादं पोर असा प्रश्न विचारायचं की उत्तर तिलाही माहीत नसायचं, तेव्हा जे वाटायचं ते वाटलं. छातीत धडधड, आणि चल, बघू या.

मागे कपांचा आवाज झाला. श्रीपाद दोन चहा घेऊन उभा होता, स्वेटर घालून, केस एका बाजूला चपटे झालेले. तिने पान मिटलं. घाईने नाही, पण मिटलं.

‘सुरू झाला?’ कप लॅपटॉपपासून लांब ठेवत तो म्हणाला. ‘मला उठवायचं ना. पासवर्ड टाकून दिला असता.’

‘लागला नाही. आपलं खातं नाही घातलं याच्यात.’

‘म्हणजे?’

‘हे इथल्यापुरतं आहे. माझं वेगळं.’

बोलून झालं. हे वाक्य ती दोन महिने घोकत होती, त्याच्यापुढे आणखी बरीच तयार होती — रागावू नका, तसं काही नाही, नेटची सुरक्षितता, गीतांजली म्हणाली म्हणून... श्रीपाद खुर्चीवर बसला. बशीत चहा ओतला, फुंकर घातली. आता तो गप्प होणार, मग वेदांगला फोन, मग बेबीताई, मग पुन्हा कुठेतरी नावेतली फेरी...

‘म्हणजे याच्यातलं वेदांगला दिसत नाही,’ तो म्हणाला.

‘नाही.’

‘बेबीताईला?’

‘नाही.’

‘मला पण नाही.’

‘तुम्हाला पण नाही,’ ती म्हणाली. आवाज स्थिर राहिला याचं तिलाच नवल वाटलं.

त्याने बशीतला चहा पिऊन संपवला. मग बशी खाली ठेवली, चष्मा पुसला, आणि पडद्याकडे, तिच्या त्या एकट्या नावाकडे पाहत म्हणाला, ‘याच्यावर माझं पण एक वेगळं होईल का?’

‘तुमचं?’ ती म्हणाली. ‘काहून?’

‘सहज,’ श्रीपाद म्हणाला.

नंदाने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा रोजचाच होता, उशीची घडी गालावर उमटलेली, आणि तो चष्मा पुसून झाला तरी पुसतच होता. सहज? दुसरं मीटर मागायला आलेल्या माणसाकडे बघून घर ओळखणारा हा माणूस, आणि सहज?

पण तिने विचारलं नाही. विचारता कामा नये, एवढं तिला या घरात दुसऱ्या कुणाहून जास्त कळत होतं. खाती कुठे असतात ते तिने शोधलं, नवं खातं जोडा म्हटलं. नेट नसल्यामुळे यंत्रानेही फार समजवासमजव केली नाही. तिच्या नावाखाली ‘मुख्य’ अशा अर्थाचं काहीतरी होतं, त्याच्या नावाखाली ‘साधा वापरणारा’.

‘म्हणजे तू साहेब,’ तो म्हणाला. ‘साहेबाला सगळ्यांचं उघडता येतं काय?’

‘येत असेल,’ ती म्हणाली. ‘मी नाही उघडणार.’

‘नाही, नाही. तसं नाही म्हणून राहिलो.’ त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला, दोन्ही हातांची एकेक ताठ तर्जनी कळांवर आणली आणि थांबला. ‘जरा तिकडे पाहा ना.’

ती उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर एक हातगाडी, दोन स्कूटर, स्टेशनकडून येणारी घोषणा, रोजची दुपार. मागे कळा वाजू लागल्या, एक, थांबून दुसरी, मग घाईने दोन. पासवर्ड. याची सकाळची गोळी कोणती, हा शिंकण्याआधी नाक कसं धरतो, गाडीत कुठल्या स्टेशनावर याला भूक लागते, हे सगळं मला माहीत. याला विचारायचं असेल असं काय आहे? आणि कधीपासून? मी मटार सोलत होते तेव्हा हा आत पडून गुलाबवाल्याचंच ऐकत होता का...

‘हे तीन प्रश्न काय देऊन राहिलं?’ तो म्हणाला.

‘निवडा त्यातले. ओळखीसाठी असतात.’

‘खरंच लिहायचं?’

ती क्षणभर थांबली. ‘तुमची मर्जी,’ म्हणाली.

त्याच्या प्रश्नांची उत्तरं तिला पाठ होती. त्याचं लाडाचं नाव बापू, शाळा म्युनिसिपालटीची, घरी एक कुत्रा होता मोत्या. एकेका शब्दाची उत्तरं सगळी. मागे बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग तो नाकातल्या नाकात हसला, एकटाच, आणि लिहायला लागला. एक कळ, मग दुसरी, शोधून शोधून, आणि तो थांबेना. बापू संपला असता, मोत्या संपला असता, शाळासुद्धा संपली असती... कळा वाजतच होत्या.

नंदाने खिडकीचा गज धरला. मान आपोआप वळत होती, ती तिने जोर लावून रस्त्याकडे ठेवली. एकदा नुसतं बघावं. त्याला कळणारही नाही. आज नाही, केव्हातरी, तो फिरायला गेला की. मनात काही नाही, ती स्वतःला म्हणाली, आपलं सहज, नुसतं कुतूहल... आणि काही केल्या तिचा स्वतःवर विश्वास बसेना.